टेम्पोवरची घोडी दर दिवाळीला ढिली होते? आधी पाना खाली ठेवा

छोट्या हत्तीच्या हौद्यावर लाकूड न्यायला घरी बनवलेली घोडी (कोणी कॅरिअर म्हणतं, कोणी रॅक) पहिले चार महिने दगडासारखी घट्ट असते. मग एक दिवस स्पीडब्रेकरवर मागून ‘कट्’ असा आवाज येतो. पाना फिरवला की आठ-पंधरा दिवस शांतता, पुन्हा तेच. वर्षभराने घोडी नुसत्या हाताने झुलते, आणि वरून नग (लाकडाचे लांब तुकडे) उतरवताना खाली उभा असलेला पोऱ्या न सांगता दोन पावलं मागे सरकतो. ही तक्रार तुमची असेल तर पुढचं वाचा. मी तीन वर्षं नट आवळत होतो आणि आवळून आवळूनच दुखणं वाढवत होतो.

माझं भांडुपला सुतारकामाचं लहानसं वर्कशॉप आहे. लाकूड येतं रे रोडच्या वखारींतून, तिथून सायन आणि मग एलबीएस मार्गाने घरी. त्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आणि खड्डे यांची पाळी ठरलेली, त्यामुळे घोडीची परीक्षा दर फेरीला होतेच. नग बहुतेक दहा फुटी आणि हौदा जेमतेम सव्वासात फुटांचा. फाळका (हौद्याची मागची झडप) उघडा टाकून नग मागे लोंबत नेले तर मागच्या बाइकवाल्याचा जीव धोक्यात, आणि हवालदाराने थांबवलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ (१ए) आहेच: २०१९ च्या दुरुस्तीपासून मापाबाहेर गेलेल्या मालाला २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवायचा खर्च. पण अख्खी गाडी साडेबारा फुटांच्या आसपास आहे. नग केबिनवरून पुढे घेतला तर दहा फूट गाडीच्या लांबीतच बसतात. घोडीचा खटाटोप एवढ्यासाठीच.

लोखंडी का नाही केली, हा प्रश्न मला वखारीत दर वेळी विचारतात. करा की, कोण नको म्हणतंय. मी सुतार आहे, वेल्डरला पैसे द्यायला हात होत नाही. शिवाय लोखंडाच्या अँगलवर रंधा मारलेला सागवान घासला की चरे पडतात.

माझी घोडी म्हणजे दोन चौकटी. एक केबिनच्या पाठीशी, दुसरी फाळक्यापाशी. प्रत्येकीला ७५ मिमीचे दोन उभे आणि वर एक आडवं. प्रत्येक उभ्याला खाली हौद्याच्या बाजूच्या पत्र्यात दोन बोल्ट, वरच्या सांध्यात दोन. सगळे मिळून १६, १२ एमएमचे. दोन्ही चौकटींना जोडणाऱ्या वरच्या लांब पट्ट्या नुसत्या स्क्रूवर.

पहिल्या वर्षी ढिली झाली तेव्हा मी स्प्रिंग वॉशर घातले. दुसऱ्या वर्षी नागदेवी स्ट्रीटला जाऊन नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणले. तिसऱ्या वर्षी चेकनट, म्हणजे नटावर दुसरा नट. प्रत्येक वेळी नटाला दोष दिला, कारण पान्याखाली नट फिरत होता आणि फिरल्यावर घोडी घट्ट वाटत होती. यापुढे विचार गेलाच नाही.

शेवटी जे केलं ते पाच मिनिटांचं काम आहे आणि तुम्हीही सगळ्यात आधी तेच करा. प्रत्येक नट नेहमीसारखा आवळा, आणि नटावरून वॉशरवर, तिथून लाकडावर अशी एक सरळ रेघ ओढा. मार्कर पावसात पुसतो, नेलपॉलिश टिकते. महिनाभर गाडी चालवा, मग रेघा बघा. नट ढिला आहे आणि रेघ तुटली आहे, म्हणजे नट फिरलाय: हा हादऱ्याचा दोष, तिथे नायलॉक नट कामाचा. नट ढिला आहे पण रेघ जशीच्या तशी, म्हणजे नट जागेवरच आहे, त्याच्याखालचं लाकूड कमी झालंय. तिथे जगातला कुठलाही नट उपयोगाचा नाही.

मी हे ऑक्टोबरात केलं आणि घाईने निकाल न लावता मार्चपर्यंत थांबलो. १६ पैकी १३ रेघा जागच्या जागी होत्या, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी वॉशर बोटाने गोल फिरत होता.

लाकूड कमी कसं होतं? दोन वाटांनी, आणि मुंबईत त्या दोन्ही एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. पहिली वाट हवेची. इथे जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावरचं लाकूड जुलैत १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं, मार्चपर्यंत ते १२-१३ वर येतं. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, जाडीला आणि रुंदीला हलतं. नेमका बोल्ट जाडीतून आरपार जातो. ७५ मिमीचा उभा पावसाळा ते उन्हाळा एखाद मिलिमीटरने बारीक होतो, आणि वरच्या सांध्यात उभा आणि आडवं अशी दोन लाकडं एकत्र, तिथे त्याहून जास्त. १२ एमएमच्या बोल्टला नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. दर वर्षी मी पान्याने साधारण अर्धा फेरा द्यायचो. हिशेब डोळ्यासमोर होता, कधी मांडलाच नव्हता.

दुसरी वाट जास्त वाईट, कारण ती आपण स्वतः खणतो. पावसाळ्यात माल भिजतो, घोडी करकरते म्हणून आपण जुलैत नट करकचून आवळतो. लाकूड आधीच फुगलेलं, अजून फुगायचंय, आणि वर वॉशर त्याला जागा देत नाही. मग लाकूड वॉशरखाली चेपतं. तंतू एकदा चेपले की परत उठत नाहीत. सुकल्यावर लाकूड नेहमीएवढं आकसतं आणि चेपलेली जाडी वरून वजा होते. म्हणजे जुलैत जितकं जास्त आवळाल, मार्चला फट तितकी मोठी. हे समजलं त्या दिवशी मी पाना खिळ्याला टांगला आणि पोऱ्याला सांगितलं, गौरी-गणपतीपर्यंत याला हात लावायचा नाही.

यावर उपाय साधा आहे आणि स्वस्तही. १२ एमएम बोल्टच्या नेहमीच्या गोल वॉशरचा व्यास २४ मिमी. भोक वजा केलं तर लाकडावर टेकणारी जागा सुमारे ३२० चौरस मिमी. त्याऐवजी ५० बाय ५० ची चौकोनी लोखंडी पट्टी भोक पाडून घातली तर टेकणारी जागा २,३५० च्या पुढे, सातपटीहून जास्त. तोच ताण, पण सातपट जागेवर वाटलेला. ३ मिमीची पट्टी वाकते, किमान ५ मिमीची घ्या. भंगारातून तुकडे मिळतात, ड्रिल मशीनवाला भोकं पाडून देतो. दोन्ही बाजूंना घाला. मी आधी फक्त नटाकडून घातल्या, आणि बोल्टचं डोकं पलीकडून लाकडात रुतत राहिलं.

लाकूड कोणतं, हाही प्रश्न आहेच. माझी पहिली घोडी निलगिरीची, स्वस्तात मिळालेल्या वाशांची, तीही पुरती न सुकलेली. ओली निलगिरी आकसते, वळते, आणि टोकांना फाटते. आता वापरतो ते जुन्या इमारती पाडल्यावर निघणारं सागवान. मुंबईच्या जुन्या इमारतींत ब्रह्मदेशाचं सागवान भरपूर वापरलेलं आहे, कित्येक दशकं छताखाली सुकलेलं, त्यात आकसण्यासारखं फार उरलेलं नसतं. फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधा. माझ्या रंध्याचं पातं एका तुटक्या खिळ्याने खाल्लंय.

चौकोनी पट्ट्या घातल्या, सागवान वापरलं, जुलैत नट आवळले नाहीत. खडखडाट बराच कमी झाला. पण घोडी आडवी झुलायची ती झुलायचीच.

गावाहून काका आले होते. आयुष्यभर दारं-खिडक्या केलेला माणूस. त्यांनी वरचं आडवं धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ढकललं, आणि विचारलं, “काय रे, आपल्या परड्याच्या फाटकाला तिरपी पट्टी का ठोकतो आपण? शोभेला?”

“नाही काका, फाटक लोंबू नये म्हणून.”

“मग हे काय केलंस? फाटकच उभं केलंस ना हौद्यात? चार काठ्या आणि भरवसा बोल्टावर!”

मला जरा लागलं ते. पण रात्री कागद घेऊन बसलो आणि मांडून बघितलं. तुम्हीही बघा, कारण आकडा पाहिल्याशिवाय तिरप्या लाकडाची किंमत कळत नाही. ४ बाय ३ इंची दहा फुटी सागवानाचा नग म्हणजे ०.८३ घनफूट, घनफुटाला साधारण १८ किलो धरले तर १५ किलो. असे १४ नग वर ठेवले की २१० किलो, हिशेबाला २०० धरू. जोरात वळण घेतलं किंवा एक चाक खड्ड्यात गेलं तर आडवा झटका वजनाच्या निम्मा धरायची रीत आहे, म्हणजे १०० किलो. दोन चौकटींत वाटून ५०, दोन उभ्यांत २५. तळाच्या बोल्टपासून माल चार फूट उंच. २५ किलो गुणिले चार फूट, म्हणजे एकेका उभ्याच्या तळाशी १०० किलो-फुटांचा पिळा. माझे तळाचे दोन बोल्ट एकमेकांपासून चार इंचांवर, म्हणजे एक तृतीयांश फूट. १०० भागिले एक तृतीयांश: प्रत्येक बोल्टवर ३०० किलो. पहारेने लाकूड उचकटावं तसं. दर वळणाला!

आता त्याच चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपं लाकूड टाका. चौकट पाच फूट रुंद, चार फूट उंच, तिरपं लाकूड ६.४ फुटांचं. तोच ५० किलोचा आडवा झटका तिरप्या लाकडात ६४ किलोचा होऊन त्याच्या लांबीने जातो. लाकूड लांबीच्या दिशेने हत्तीएवढं बळकट. तळाचा पिळा जवळजवळ संपतो.

तुमच्या घोडीला हा रोग आहे का हे टेपने कळतं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. मग एकाला वरून आडवं ढकलायला सांगा आणि तसंच धरून पुन्हा मोजा. माझ्या मागच्या चौकटीत २२ मिमीचा फरक पडत होता. चांगल्या चौकटीत दोन-तीन मिमीच्या पुढे जाऊ नये, हा माझा अंदाज आहे, पुस्तकातला आकडा नव्हे.

पुढच्या चौकटीत पूर्ण तिरपं लाकूड बसतं, फक्त केबिनच्या मागच्या काचेतून आरशात काय दिसतंय ते आधी बघून घ्या. मागच्या चौकटीत ते चालत नाही, कारण हौद्यात प्लायवूड मागूनच आत ढकलायचं असतं. तिथे मी वरच्या दोन्ही कोपऱ्यांना १८ मिमी प्लायचे दीड फुटी त्रिकोण दोन्ही अंगांनी लावले, स्क्रू आणि पाण्याला टिकणारा गोंद दोन्ही वापरून. पूर्ण तिरप्याएवढं ताकदीचं नाही, पण २२ चे चार मिमी झाले. शिवाय तळाचे बोल्ट चार इंचांवरून दहा इंचांवर नेले. वरचाच हिशेब लावा: ३०० चे १२० किलो झाले. हौद्याची बाजू फूटभर उंच असताना मी बोल्ट एवढे जवळ का मारले होते, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. ड्रिल तिथे सोयीने पोचत होतं, एवढंच.

माझ्या हौद्याच्या बाजू उघडत नाहीत. तुमच्या उघडत असतील तर उभे त्या फळ्यांना मुळीच लावू नका, खाली तळाला लोखंडी जोडे करून घ्या. पत्र्याला बोल्ट मारताना बाहेरून मोठी पट्टी हवीच, नाहीतर भोक लांबोडकं होतं आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज चालू होतो. चासीला भोक पाडू नका. आणि घोडी वेल्डिंगने कायमची चिकटवू नका. बोल्टवर असली की काढून ठेवता येते. गाडीत कायमचा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं.

लांबीच्या बाजूला, म्हणजे दोन चौकटींच्या मध्ये, तिरपं लाकूड कोणत्या दिशेने लावायचं यात मी एकदा फसलोय. ब्रेक मारला की वरचा माल पुढे जाऊ बघतो. तिरपं लाकूड पुढच्या उभ्याच्या तळापासून मागच्या उभ्याच्या डोक्यापर्यंत लावलं, तर ब्रेकच्या वेळी ते दाबलं जातं. खाचेत नीट टेकवलेलं असेल तर सगळा भार लाकडावर लाकूड असा जातो, बोल्टवर येतच नाही. उलट लावलं तर ते ओढलं जातं आणि पुन्हा सगळं दोन बोल्टच्या जिवावर. आठ फुटी लाकूड आहे, ५० मिमीपेक्षा बारीक घेऊ नका, दाबाने मधेच वाकेल.

इथे उत्साहाच्या भरात मी आणखी एक गोष्ट केली होती: वरच्या पातळीतही फुली मारली. दोन महिन्यांत मागच्या डाव्या उभ्याला चीर गेली. कारण शोधायला वेळ लागला. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढून दोन्ही टोकांना धरून पिळलात तर पिळतो. झाकण चिकटवा, मग पिळत नाही, जोर लावला तर कोपरा फाटतो. खड्ड्यात एक चाक गेलं की चासी पिळते, तिच्याबरोबर हौदा. घोडीच्या चारही अंगांना तिरपी लाकडं (मागे त्रिकोण) असू द्यात, पण वरचं झाकण मोकळं ठेवा. तिला तेवढं पिळता आलं पाहिजे. याच कारणाने घोडी केबिनला कुठेही टेकू देऊ नका. केबिन वेगळी हलते, हौदा वेगळा. मध्ये दोन बोटं अंतर हवं.

उभ्यांचे तळ हौद्यात साचलेल्या पाण्यात उभे असतात आणि लाकूड टोकाकडून पाणी स्ट्रॉसारखं ओढतं. खाली अर्ध्या इंचाचे रबराचे तुकडे घाला, टोकांना दोन हात ऑइलपेंट मारा. माझ्या निलगिरीच्या घोडीचे तळ सोलले तेव्हा आतून भुसा निघाला होता.

दोराबद्दल थोडंच. दोर फक्त घोडीच्या आडव्याला बांधून सोडू नका, हौद्याच्या हुकापर्यंत खाली आणा. मग बांधणीचा ताण घोडीला खाली दाबतो, सांधे बसते राहतात. नायलॉनची दोरी भिजली की लांबते, म्हणून पावसात रे रोडला करकचून बांधलेला माल सायनला सैल. पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे घेतल्यापासून मधे थांबावं लागत नाही. वर दोनशे किलोच्या पुढे मी जात नाही, उरलेला माल हौद्यात खाली. गाडीची माल वाहायची ताकद पाऊण टनाची असली तरी ती हौद्याची, घोडीची नव्हे.

भोकं आधीच मोठी झाली असतील तर जाड बोल्ट घालायचा मोह होतो. मी घातला होता, १६ एमएमचा. सहा महिन्यांत तेही भोक लांबोडकं. चौकट झुलायची थांबली नसेल तर बोल्ट कितीही जाड घाला, तो नवीन भोकाला आतून कोरत बसतो. आधी तिरपं लाकूड लावा. मग जुन्या भोकात सागवानाची खुंटी इपॉक्सी लावून ठोका, एक रात्र सुकू द्या, आणि त्यातच पुन्हा १२ चं भोक पाडा. १३ चं किंवा १४ चं नाही. बोल्ट हातोडीने हलके ठोकून आत जायला हवा.

आता माझं वेळापत्रक एवढंच: दिवाळी झाल्यावर आठवडाभराने एकदा, आणि होळीच्या सुमाराला एकदा पाना. आवळायचं म्हणजे पट्टी लाकडावर टेकून पुढे पाव फेरा, लाकूड करकरेपर्यंत नाही. रेघा पुसून नव्या ओढतो. मधे फक्त बघतो.

या मार्चला १६ पैकी दोनच नटांना पाव फेरा लागला. मागून अजून एक ‘कट्’ येतो, त्यासाठी मी पुन्हा सगळे बोल्ट तपासले. पोऱ्याने मागे बसून भांडुप स्टेशनपर्यंत कान लावला. तो आवाज फाळक्याच्या बिजागरीचा निघाला.